खाशाबांचा खर्च कोणी केला?

दिवाळीच्या सुट्टीत लातूरची नात आमच्याकडे नांदेडला राहायला आली. वय वर्षे बारा. दोन वर्षांपासून ती टेनिस खेळते. आली तीच पाठीवर रॅकेटची लांबलचक पिशवी आणि अंगात पांढरा शर्ट घालून. शर्टाच्या छातीवर डाव्या बाजूला पानांचे एक छोटे कडे भरतकामाने काढलेले होते. हे काय, म्हणून मी विचारले, तर तिने माझ्याकडे असे पाहिले की आजोबांचे अजून बरेच शिक्षण बाकी आहे हे मला आपोआप कळले. ती कंपनीची खूण असते, असे तिने समजावून सांगितले. मोठ्या खेळाडूंना कंपन्या कपडे देतात, बूट देतात, वर पैसेही देतात. खेळाडूंनी ते कपडे घालून खेळायचे. याला स्पॉन्सर म्हणतात. तिचा शर्ट मात्र तिच्या बापाने लातूरच्या गंजगोलाईत घासाघीस करून घेतलेला होता, आणि तो अस्सल होता असे मी छातीठोकपणे सांगणार नाही. गोलाईत मगरीच्या खुणेचेही शर्ट मिळतात. त्यांतल्या काही मगरी पालीसारख्या दिसतात.

मग तिने विचारले, की आपल्या गावाकडे पहिलवान असतात, त्यांचा स्पॉन्सर कोण?

जत्रा, असे उत्तर मी देऊन टाकले. ती हसली आणि खेळायला पळाली. पण प्रश्न माझ्याजवळच राहिला. उत्तर चुकीचे नव्हते. नांदेडहून लातूरला जाताना लोह्याच्या पुढे माळेगाव लागते. तिथल्या खंडोबाच्या जत्रेत घोडे, गाढवे, उंट विकले जातात, तमाशाचे फड लागतात आणि कुस्त्यांची दंगल होते. लातूरला महाशिवरात्रीला सिद्धेश्वराची यात्रा भरते, तिथेही आखाडा असतोच. लहान पोरांच्या कुस्त्या रेवड्यांवर लागतात. त्यावरची नारळावर, मग दहा-वीस रुपयांवर, आणि दिवस कलताना शेवटची मोठी कुस्ती. जिंकणाऱ्याला फेटा बांधतात, कुणी हौशी माणूस चांदीचे कडे देतो, हलगी वाजत असते, आणि भोंग्यावरचा माणूस बक्षीस देणाऱ्याचे नाव तीन-तीनदा पुकारतो. नीट पाहिले तर कंपन्या करतात ते याहून फार वेगळे नाही. पैसे देणाऱ्याचे नाव लोकांच्या कानावर पडले पाहिजे, एवढीच अट असते.

पण जत्रेच्या बक्षिसावर पहिलवान वर्षभर जगत नाही. दूध, तूप, बदाम यांना रोज पैसे लागतात. परदेशी जायचे झाले तर विचारायलाच नको. या विचारात खाशाबा जाधव आठवले. आमच्या पिढीने शाळेत सामान्यज्ञानाच्या तासाला त्यांचे नाव पाठ केले होते. स्वतंत्र भारताला ऑलिंपिकमध्ये पहिले वैयक्तिक पदक कोणी मिळवून दिले? खाशाबा जाधव, हेलसिंकी, १९५२. एक गुण. त्या एका गुणामागे किती माणसांचे पैसे अडकले होते, हे आम्हाला कुणी सांगितले नाही, आणि पुढे मी स्वतः मास्तर झालो तेव्हा मीही मुलांना सांगितले नाही.

खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ चा. गाव गोळेश्वर, सातारा जिल्ह्यात कराडला खेटूनच. वडील दादासाहेब स्वतः पहिलवान. पाच भावांत खाशाबा धाकटे. बापाने पाचव्या वर्षी मातीत उतरवले. शिक्षण कराडच्या टिळक हायस्कुलात. बेचाळीसच्या चळवळीचे ते दिवस होते, आणि सातारा जिल्हा तर पेटलेलाच होता. शाळकरी खाशाबांनीही भूमिगतांना आसरा देणे, निरोप-पत्रे पोचवणे अशी कामे केली. अंगाने ते आडदांड नव्हते. पहिलवान म्हटला की डोळ्यांसमोर जो डोंगर उभा राहतो त्याच्या शेजारी खाशाबा पोरसवदाच वाटत. पण चपळाई अशी की समोरच्याला पकड कुठे बसली हे कळायच्या आत तो मातीत. ढाक हा त्यांचा हुकमी डाव.

पुढे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात आले. कुस्तीच्या दृष्टीने ही पंढरीच. राजर्षी शाहू महाराजांनी तालमी उभ्या केल्या, पहिलवानांना खुराक लावून दिला, दूरदूरचे मल्ल आणून पोसले आणि १९१२ मध्ये खासबागचे मैदान बांधून घेतले. आजच्या भाषेत बोलायचे तर शाहू महाराजांएवढा मोठा प्रायोजक महाराष्ट्रातल्या कुस्तीला पुन्हा मिळाला नाही. आमचा मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात. पोरात दम दिसला, की आमच्याकडचे लोक त्याला कोल्हापूरची वाट दाखवत. पुढेही तसेच चालू राहिले. निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार याच वाटेने कोल्हापूरच्या गंगावेस तालमीत गेले. १९६९ साली लातूरला महाराष्ट्र केसरीचे अधिवेशन भरले आणि घरच्या मैदानावर बिराजदारच केसरी झाले, तेव्हा मी बारा वर्षांचा होतो आणि चुलतभावाच्या खांद्यावर बसून ती गर्दी पाहिली होती. पुढच्याच वर्षी एडिंबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक मिळवले. त्या चुलतभावाबद्दल पुढे सांगतो.

तर राजाराम कॉलेज. वार्षिक क्रीडा स्पर्धेत खाशाबांनी नाव द्यायला गेले तर क्रीडाशिक्षकांनी त्यांची अंगकाठी पाहून नाव घ्यायचे नाकारले. खाशाबा थेट प्राचार्यांकडे गेले. प्राचार्य खर्डेकरांनी परवानगी दिली आणि त्या पोराने आपल्यापेक्षा थोराड गड्यांना एकामागून एक लोळवले. ही हकिकत कोल्हापुरात अजून चवीने सांगतात. खर्डेकरांचे नाव ध्यानात ठेवा. पुढे त्यांची गाठ पुन्हा पडणार आहे, आणि ती साधीसुधी नाही.

१९४८ साली लंडनला ऑलिंपिक झाले. खाशाबांच्या प्रवासाचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी केला. शाहू महाराजांची परंपरा अजून शाबूत होती, संस्थान विलीन व्हायला थोडा अवकाश होता. लंडनला गेल्यावर खाशाबांना समजले की इथली कुस्तीच वेगळी आहे. माती नाही, गादी. वजनाचे गट, गुणांचा हिशेब, मिनिटांचे घड्याळ. आपल्याकडे पाठ लागेपर्यंत कुस्ती चालते, एखादी तासभरही. तिथे मिनिटे संपली की पंच हात वर करतो. रीस गार्डनर नावाच्या अमेरिकन प्रशिक्षकाने त्यांना या कुस्तीची ओळख करून दिली. आणि तेवढ्या शिदोरीवर बावीस वर्षांच्या या पोराने फ्लायवेट गटात सहावा क्रमांक मिळवला. 

पुढची चार वर्षे त्यांनी वजन वाढवले, गादीची कुस्ती अंगात मुरवली आणि ५७ किलोच्या बँटमवेट गटात उतरायचे ठरवले. १९५२ च्या हेलसिंकीसाठी मद्रासला निवड झाली तेव्हा ते एका गुणाने मागे पडले आणि कलकत्त्याच्या निरंजन दासची वर्णी लागणार असे दिसू लागले. खाशाबांनी गप्प बसायचे नाकारले. ते पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागायला गेले. महाराजांना कुस्तीचा नाद होता. त्यांनी दोघांची पुन्हा कुस्ती लावली आणि खाशाबांनी निकाल लावून टाकला. सांगणारे तर सांगतात की दासला त्यांनी पुन्हापुन्हा चीत केले.

निवड झाली. आता पैसे.

या वेळी कोल्हापूरच्या गादीचा हात पाठीशी नव्हता. संस्थान १९४९ मध्येच मुंबई राज्यात विलीन झाले होते. नवे राज्य आले होते, लोकांचे. खाशाबांनी मुंबई सरकारकडे चार हजार रुपये मागितले. मोरारजी देसाई तेव्हा मुख्यमंत्री होते. स्पर्धा आटोपल्यावर या, असे उत्तर मिळाल्याचे त्यांच्या चरित्रात नमूद केले जाते. जाण्यासाठी मागितलेले पैसे परत आल्यावर कसे घ्यायचे, हे कोडे सोडवायला खाशाबांपाशी वेळ नव्हता. ते आणि घरचे लोक दारोदार फिरले. गोळेश्वरच्या लोकांनी वर्गणी काढली. तो काळ डोळ्यांसमोर आणा. शेतकऱ्याच्या घरात रोकड असायची ती दाण्यागोट्याच्या हंगामात, तीही उसनवारी फेडण्यापुरती. अशा घरांतून जमलेला हा पैसा.

तरी पुरेना. तेव्हा खर्डेकरांनी आपले राहते घर गहाण टाकले आणि सात हजार रुपये उभे केले. १९५२ सालचे सात हजार. सोने तेव्हा तोळ्याला शंभर रुपयांच्या आत होते, म्हणजे सत्तर तोळ्यांवर सोने झाले. एका शिक्षकाने आपल्या जुन्या विद्यार्थ्याच्या कुस्तीसाठी एवढी रक्कम उभी केली. मी पस्तीस वर्षे मास्तरकी केली. चांगले विद्यार्थी मलाही भेटले, काही तर फारच चांगले. त्यांच्यापैकी एकासाठी मी घराची कागदपत्रे सावकारापुढे ठेवली असती का, असा प्रश्न मी स्वतःला त्या रात्री विचारला. उत्तर इथे छापण्याजोगे नाही.

आता थोडे नातीच्या शर्टाकडे वळू, कारण त्या पानांच्या कड्याची गोष्ट याच उन्हाळ्यातली आहे.

फ्रेड पेरी नावाचा इंग्रज टेनिसपटू होता. बाप मजूर पक्षाकडून पार्लमेंटमध्ये गेलेला, पण घर कामगारवर्गातले. पेरी आधी टेबल टेनिसचा जगज्जेता झाला, १९२९ मध्ये, आणि मग लॉन टेनिसकडे वळून १९३४, ३५ आणि ३६ अशी लागोपाठ तीन वर्षे विंबल्डन जिंकला. त्या काळी विंबल्डन फक्त हौशी खेळाडूंचे. जिंकणाऱ्याला चषक मिळे, रोख बक्षीस नाही. खेळावर पोट भरायचे तर व्यावसायिक व्हावे लागे, आणि एकदा व्यावसायिक झाला की मोठ्या स्पर्धांचे दरवाजे बंद. पेरी १९३६ अखेर व्यावसायिक झाला, तर क्लबने त्याला दिलेले मानद सदस्यत्वही काढून घेतले. हौशी आणि व्यावसायिक यांच्यातली ही भिंत १९६८ पर्यंत पडली नाही. वडिलोपार्जित पैसा असलेल्यांना हौस परवडते, बाकीच्यांनी काय करायचे, हा प्रश्न विंबल्डनच्या हिरवळीवरही होता आणि गोळेश्वरच्या मातीतही.

फ्रान्सचा रने लाकोस्त याने वाट आधीच काढून ठेवली होती. मगर हे त्याचे टोपणनाव. खेळातून निवृत्त झाल्यावर १९३३ मध्ये त्याने एका कापड उद्योजकाला भागीदार घेऊन मगरीचे चित्र छातीवर असलेले शर्ट बाजारात आणले. चाळिशीच्या दशकाअखेर पेरीला ऑस्ट्रियाचा एक माजी फुटबॉलपटू भेटला, टिबी वेग्नर. दोघांनी आधी मनगटावर बांधायची घाम टिपणारी पट्टी काढली आणि मग १९५२ च्या विंबल्डनला शर्ट. पेरीला म्हणे छातीवर पाइपाचे चित्र हवे होते, कारण तो पाइप ओढायचा. वेग्नरने पटवले की पाइपवाला शर्ट पाहून मुली नाक मुरडतील. मग विजयाच्या पानांचे कडे आले. शर्ट खपवायची युक्ती अगदी सोपी होती. चांगल्या खेळाडूंना आणि दूरदर्शनच्या कॅमेऱ्यामागच्या माणसांना ते फुकट वाटायचे. खेळाडू जिंकला की चित्रासकट घरोघर जातो. जाहिरातीचा खर्च एका शर्टाचा. जर्मनीतल्या दासलर बंधूंचे भांडण होऊन त्यांनी बुटांचे दोन वेगळे कारखाने काढले त्यालाही तेव्हा तीन-चार वर्षे झाली होती, तेच आजचे आदिदास आणि पुमा.

म्हणजे १९५२ च्या जून-जुलैत इंग्लंडमध्ये शर्ट फुकट वाटले जात होते, आणि कोल्हापुरात एक घर गहाण पडले होते. दोन्ही खर्च खेळाडूंवरच. हेलसिंकीचे ऑलिंपिक १९ जुलैला सुरू झाले.

खाशाबांनी कॅनडाच्या पॉलिक्विनला हरवले, मेक्सिकोच्या बासुर्तोला हरवले, जर्मनीच्या श्मिट्झला हरवले. पुढे जपानचा शोहाची इशी आणि सोव्हिएत संघाचा रशीद मम्मदबेयोव उरले. यांतल्या एका दमछाक करणाऱ्या लढतीनंतर खाशाबांना लगेच दुसऱ्या लढतीला बोलावण्यात आले. नियमाने दोन लढतींत अर्ध्या तासाची विश्रांती हवी होती. पण ते भांडून सांगायला भारताचा एकही अधिकारी तिथे हजर नव्हता, अशी हकिकत सांगितली जाते. खाशाबांना इंग्रजीत पंचांशी हुज्जत घालायची सवय नव्हती. थकलेल्या अंगाने ते गादीवर गेले. दोन्ही लढती त्यांनी गमावल्या. इशीला सुवर्ण, मम्मदबेयोवला रौप्य आणि खाशाबांना कांस्य. तारीख २३ जुलै १९५२. त्याच स्पर्धेत कोल्हापूरचेच केशव माणगावे वरच्या वजनगटात पदकाच्या अगदी जवळ जाऊन हुकले.

मला नेहमी वाटते, बरोबर कुणी जाणते माणूस असते तर त्या पदकाचा रंग कदाचित वेगळा असता. पण अशा कदाचितांना पंचांच्या कागदावर जागा नसते. गावच्या वर्गणीत आणि सात हजारांच्या कर्जात एकच तिकीट बसत होते. शेजारी उभे राहून भांडणाऱ्या माणसाचे तिकीट कुणी काढायचे?

परत आले तेव्हा कराड स्टेशनावर बैलगाड्यांची रांग लागली होती. शंभराहून जास्त गाड्या, ढोल, लेझीम, हलगी. स्टेशन ते गोळेश्वर हे एरवी थोड्या वेळाचे अंतर, त्या दिवशी मिरवणुकीला सात तास लागले असे म्हणतात. वर्गणी दिलेली माणसेच गाड्या जुंपून आली होती. त्यांचे पैसे वसूल झाले होते.

खर्डेकरांचे व्हायचे होते. आणि इथे खाशाबांनी जे केले ते मला त्यांच्या पदकाएवढेच मोलाचे वाटते. सत्कारांचे हार सुकायच्या आत त्यांनी कोल्हापुरात कुस्त्यांची मैदाने भरवली. स्वतः लढले. त्या मैदानांतून जे मिळाले त्यातून आपल्या गुरूचे कर्ज फेडले आणि घर सोडवले. ऑलिंपिकचे पदक मिळवलेला माणूस पुन्हा मातीत उतरला तो प्रवासखर्च भागवायला. आजच्या खेळाडूची आणि कंपनीची करारपत्रे वकील तयार करतात. खाशाबा आणि खर्डेकर यांच्यात असा काही कागद झाल्याचे माझ्या वाचनात नाही.

आता माझा चुलतभाऊ. आम्ही त्याला अण्णा म्हणतो. लोहा तालुक्यातले आमचे गाव, दहा-बारा एकर कोरडवाहू. अण्णाच्या अंगात कुस्ती होती. माळेगावच्या जत्रेत त्याने रेवड्यांपासून सुरुवात करून वीस रुपयांच्या कुस्तीपर्यंत मजल मारली. १९६९ ला लातूरचे अधिवेशन पाहून आला आणि बिराजदारांसारखे कोल्हापूरला जायचेच म्हणून हटून बसला. काकांनी दुभती म्हैस विकून त्याला पाठवले. दोन वर्षे तो तिथे होता. दर महिन्याला मनिऑर्डर जायची, कधी पूर्ण, कधी अर्धी. अण्णाचे पत्र यायचे त्यात तब्येत ठीक आहे एवढेच असायचे. खुराकाचा विषय तो काढत नसे, आणि काढत नसे म्हणूनच काकू पत्र ऐकताना डोळ्यांना पदर लावायच्या.

मग १९७२ चा दुष्काळ आला. ज्यांनी तो पाहिला त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगून कळत नाही. विहिरी आटल्या. तांबडी मिलो खाऊन लोकांनी दिवस काढले. मनिऑर्डर थांबली. अण्णा परत आला आणि दुसऱ्याच दिवशी काकांबरोबर दुष्काळी कामावर खडी फोडायला गेला. त्याचे दंड आणि खांदे अजून पहिलवानाचेच होते, म्हणून मुकादम त्याला मोठे धोंडे द्यायचा. मुकादमाचे त्यात चुकले असे अण्णा कधी म्हणाला नाही. पुढे पाऊस पडला, पेरण्या झाल्या, पण अण्णा कोल्हापूरला परत गेला नाही. त्याला कुणी जा म्हटलेही नाही. तो बिराजदार झाला असता असे मी म्हणत नाही. दोन वर्षांत काय होणार होते? पण झाला असता की नाही, हे बघायचेच राहून गेले.

खाशाबांचेही पुढचे आयुष्य काही सोनेरी पानांचे नाही. १९५६ चे मेलबर्न ऑलिंपिक गुडघ्याच्या दुखापतीने हुकले. १९५५ साली ते पोलीस खात्यात फौजदार म्हणून लागले होते. खात्याच्या स्पर्धा जिंकत राहिले, तरुण पोलिसांना शिकवत राहिले. बढतीसाठी मात्र वर्षानुवर्षे, सुमारे बावीस वर्षे, तिष्ठत राहावे लागले. सत्तावीस वर्षांच्या नोकरीनंतर सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले, आणि नंतर पेन्शनसाठी हेलपाटे घालावे लागले. १९६१ साली केंद्र सरकारने अर्जुन पुरस्कार सुरू केले. दरवर्षी यादी लागत होती. त्यात खाशाबांचे नाव त्यांच्या डोळ्यांना दिसले नाही. १९८२ मध्ये दिल्लीत आशियाई खेळ झाले तेव्हा मशाल घेऊन धावणाऱ्यांत त्यांना बोलावले, तेवढा एक मान.

१४ ऑगस्ट १९८४ ला रस्त्यावरच्या अपघातात खाशाबा गेले. वय अठ्ठावन्न. त्याच वर्षी विंबल्डनच्या आवारात फ्रेड पेरीचा पुतळा उभा राहिला, त्याच्या पहिल्या विजयाला पन्नास वर्षे झाली म्हणून. ज्या क्लबने त्याचे सदस्यत्व काढून घेतले होते त्याच क्लबने. पेरी तेव्हा जिवंत होता, पुढे १९९५ मध्ये वारला. खाशाबांना राज्याचा शिवछत्रपती पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर, १९९३ च्या सुमारास. अर्जुन पुरस्कार जाहीर झाला २००० सालचा. दिल्लीच्या कुस्ती स्टेडियमला त्यांचे नाव दिले गेले २०१० मध्ये. २०१७ मध्ये त्यांच्या मुलाने जाहीर केले, की गोळेश्वरला कबूल केलेले कुस्ती केंद्र होत नसेल तर त्या पैशासाठी आपण वडिलांचे पदक लिलावात काढू. तिथेही पुन्हा पैशाचाच प्रश्न, पदकानंतर पासष्ट वर्षांनी.

नातीला मी यातले बरेचसे सांगितले. हेलसिंकीपर्यंत तिने नीट ऐकले. खाशाबांनंतर भारताला दुसरे वैयक्तिक पदक कधी मिळाले, असे तिने विचारले तेव्हा तिच्या कामाचा भाग आला. चव्वेचाळीस वर्षांनी, १९९६ साली अटलांटाला, लिअँडर पेसला, आणि तेही टेनिसमध्ये. १९२४ नंतर ऑलिंपिकमधून बाहेर पडलेले टेनिस १९८८ ला परत आले होते. हे ऐकून तिने रॅकेटची पिशवी जवळ ओढून घेतली. तिच्या बापाला मात्र मी दुसरे गणित विचारले. बाहेरगावच्या स्पर्धा, प्रवास, दोघांची राहण्याची सोय, रॅकेटला जाळी ओढून घेणे, बूट, जे सहा महिन्यांत झिजतात. आकडा ऐकून मी पाण्याचा तांब्या उचलला. लातूर-नांदेडच्या बाजूला अजून तरी कुठली कंपनी बारा वर्षांच्या मुलीसाठी शर्ट घेऊन दारात येत नाही. कंपन्या येतात त्या जिंकल्यावर. तोवरची वर्षे आई-बापांच्या पगारातून जातात. माझ्या पेन्शनमधून किती जातील हे आम्ही त्या रात्री जेवताना ठरवले. सुनेने नको म्हटले, मग हो म्हटले. घर गहाण ठेवायची वेळ आलेली नाही.

सुट्टी संपल्यावर तिला लातूरला सोडायला मीच एसटीने निघालो. वाटेत गावी उतरून अण्णाला भेटलो. तो आता सत्तरी ओलांडून पुढे गेला आहे, गुडघे गेले आहेत, खांदे अजून रुंद आहेत. तो दरवर्षी माळेगावच्या जत्रेत पोरांच्या एका कुस्तीला पाचशे एक रुपये लावतो. सोयाबीनचे पैसे आले की आधी ते बाजूला काढतो. भोंग्यावर नाव पुकारू नका असे त्याने पंचांना बजावून ठेवले आहे, तरी पुकारणारा पुकारतोच. नातीने त्याला आपला शर्ट दाखवला. अण्णाने चष्मा लावून ते पानांचे कडे निरखले, बोट फिरवून टाके पाहिले आणि हे कापड धुण्यात टिकते का, एवढेच विचारले.